मंचावर खरं दुःख, समोर हशा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

स्वतःचं व्यसन, नैराश्य, मोडलेला संसार, आई-वडिलांचं आजारपण हे सगळं मंचावर आपल्याच तोंडानं सांगायचं आणि त्यातूनच लोकांना हसवायचं, असे तासाभराचे स्टँड-अप कार्यक्रम आता आपल्या सीमाभागात बघितलेही जातात आणि केलेही जातात. चित्रित करून प्रसिद्ध केलेल्या अशा कार्यक्रमाला 'स्पेशल' म्हणतात. प्रेक्षक त्याला जी दाद देतात, किंवा देत नाहीत, त्याबद्दल खानापूरपासून अथणीपर्यंतच्या वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. विचारणाऱ्यांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या मंडळानं एका हिंदी कॉमेडियनचा स्पेशल प्रोजेक्टरवर दाखवला. तो स्वतःच्या दारूबद्दल आणि घटस्फोटाबद्दल बोलतो. कॉलेजची पोरं हसत होती, मागच्या ओळीतल्या बायका 'च्च च्च' करत होत्या, आणि एक ज्येष्ठ सभासद "दुसऱ्याच्या दुःखावर काय हसायलात रे?" म्हणून उठून गेले. आमची निवड चुकली का? (एक कार्यवाह, खानापूर)

उत्तर : निवड चुकली नाही. कार्यक्रमाआधी दोन शब्द सांगायचे राहून गेले. दुसऱ्याच्या दुःखावर माणूस हसतो तो ते दुःख सांगणारा त्यातून बाहेर पडलाय, याची खात्री पटल्यावरच. पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन या अमेरिकी संशोधकांनी २०१० मध्ये मांडलेला सिद्धांत हाच : एखादी गोष्ट एकाच वेळी 'हे काही बरोबर नाही' आणि 'पण यात धोका नाही' अशी वाटली की हसू येतं. यातला दुसरा भाग गळाला की उरते ती काळजी. तुमच्या कॉलेजच्या पोरांना तो कलाकार ओळखीचा होता, आज तो धडधाकट आहे हे त्यांना ठाऊक होतं. मागच्या ओळीतल्या बायकांसमोर एक अनोळखी माणूस आपल्या घराची झालेली राखरांगोळी सांगत होता. त्यांची 'च्च च्च' ही त्या माणसाबद्दलची कळकळ आहे, तिला नापसंती समजू नका.

जाणत्या प्रेक्षकांचंही असंच होतं. अमेरिकी विनोदकार टिग नोटारो यांनी ३ ऑगस्ट २०१२ ला लॉस एंजेलिसच्या लार्गो क्लबमध्ये नमस्कार करता करताच आपल्याला कॅन्सर असल्याचं सांगून टाकलं. निदान होऊन थोडेच दिवस झाले होते. ध्वनिमुद्रणात ते सगळं ऐकू येतं. काही जण गंमत समजून हसतात, मग एकेकाच्या ध्यानात येतं, सभागृह गप्प होतं आणि नोटारोच प्रेक्षकांना धीर देत पुढं बोलू लागतात. मध्येच त्यांनी विचारलं की आता नेहमीचे साधे विनोद करू का, तेव्हा प्रेक्षकांतूनच 'नको' असा आवाज आला. ऑस्ट्रेलियाच्या हॅना गॅड्सबी यांनी २०१८ च्या 'नॅनेट' या स्पेशलमध्ये तर विनोद म्हणजे आधी ताण तयार करणं आणि मग तो सोडवणं, हे मंचावरच उलगडून सांगितलं आणि पुढं एका प्रसंगाचा ताण ठरवून सोडवला नाही. अशा जागी सभागृह गप्प राहिलं तर तीच खरी दाद.

पुढच्या वेळी कार्यक्रमाआधी दोन मिनिटं बोला. कलाकार कोण, सांगतोय ते साधारण कधीचं आणि आज तो कसा आहे, एवढं सांगितलं तरी पुष्कळ. दारू, मारहाण, आत्महत्येचा विचार असे विषय येणार असतील तर सूचनाफलकावर तसं लिहा. ज्यांना नको ते घरूनच येत नाहीत, मधून उठण्याची वेळ येत नाही. चहा शेवटी ठेवा. अशा कार्यक्रमात मध्यंतर घेतलं की जमलेला सगळा ताण चहाच्या कपाबरोबर बाहेर जातो आणि परत आणता येत नाही. ज्येष्ठ सभासदांशी बोलताना 'तुम्हाला नवीन कळत नाही' असा सूर लावू नका. दुष्काळ, दिवाळं, घरातली भांडणं हे सगळं तुकोबांनी चारचौघांत सांगून ठेवलंय. आपल्या माणसांना उघड बोलणं नवं नाही, त्यावर मोठ्यानं हसणं नवं आहे.

आणि हे महत्त्वाचं : ओटीटीचं घरगुती सदस्यत्व घरापुरतं असतं. ते सभागृहात लावणं १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लोकांसमोर जाहीर सादर करण्यात मोडतं, तिकीट नसलं तरीही. निर्मात्याची लेखी परवानगी घ्या.

प्रश्न : मी बेळगावात मराठी स्टँड-अप करतो. वडिलांची दारू आणि माझं नैराश्य यावर पाऊण तासाचा कार्यक्रम बसवलाय. मंगल कार्यालयात ऐंशी-एक लोक येतात. सुरुवातीला छान हसतात, बारा-तेरा मिनिटांनी एकदम थंड पडतात. कुठं चुकतंय? (एक कलाकार, शहापूर, बेळगाव)

उत्तर : आधी ती शांतता कुठल्या जातीची आहे ते तपासा. एक फोन तिसऱ्या ओळीतल्या रिकाम्या खुर्चीवर ठेवा आणि सगळा कार्यक्रम मुद्रित करा. दुसऱ्या दिवशी कागदावर तीन रकाने आखा : मिनिट, वाक्य, आवाज. आवाजाच्या रकान्यात हशा, हुंकार, टाळी, खोकला, खुर्चीची करकर, कुजबुज असं जे ऐकू येईल ते लिहीत जा. ऐकणाऱ्या माणसाला खोकला येत नाही. तो दाबून धरतो आणि तुमचं वाक्य संपल्यावर तीन-चार जण एकदम खोकतात. असं ऐकू आलं तर ती शांतता तुमची कमाई आहे, तिथं एक शब्द बदलू नका. उलट खोकला वाक्याच्या मध्येच विखरून येत असेल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या करकरत असतील, तर लोक तुमच्या हातून सुटलेत. बरेच कलाकार पहिल्या शांततेलाच घाबरतात आणि तिथं घाईनं चार विनोद कोंबतात. त्यानं प्रेक्षकांना वाटतं की याला स्वतःलाच हे झेपत नाहीये, आणि ते आणखी आवळून बसतात.

दुसऱ्या जातीची शांतता असेल तर नवव्या ते बाराव्या मिनिटात काय बोललात ते बघा. नेहमीचं कारण असं : पहिली दहा मिनिटं रिक्षा, लग्न, कॉलेज यावर जातात आणि मग पहिली जड गोष्ट न सांगता सवरता येऊन आदळते. प्रेक्षकांना वाटतं आपण वेगळ्याच कार्यक्रमाला आलो होतो. यावर उपाय म्हणजे पहिल्या दोन मिनिटांतच विषयाचं टोक दाखवणं आणि शेवट आधी सांगून टाकणं. 'बाबांनी दारू सोडून आता सहा वर्षं झाली' हे वाक्य तुम्ही शेवटासाठी राखून ठेवलं असेल; ते पहिल्या पाच मिनिटांत आणा. गोष्टीतली उत्सुकता थोडी कमी होते हे खरं. पण लोकांना हसायची मोकळीक मिळते, आणि तुम्हाला तीच हवी आहे.

जड वाक्यानंतरचं पहिलं हसू तुमच्या वागण्यावर असू द्या, वडिलांच्या वागण्यावर नको. समजा असं आहे : 'बाबा रात्री अकराला यायचे. दार मीच उघडायचो. ते विचारायचे, अभ्यास करालास काय रे? मी म्हणायचो, होय. दोघंही खोटं बोलत होतो आणि दोघांनाही ते चालत होतं.' यात वडिलांच्या झोकांड्या नाहीत, तोंडाचा वास नाही, तरी दारू सगळ्यांना कळते, आणि हसू मुलाच्या थापेवर येतं. हेच झोकांडीची नक्कल करून सांगितलंत तर हशा मोठा येईल, पण पुढच्या मिनिटाला नैराश्याचा विषय काढाल तेव्हा प्रेक्षक तोही नकलेसारखाच ऐकतील. जड वाक्य झाल्यावर मनात तीन आकडे मोजा आणि मगच पुढं बोला. त्या वेळात खाली बघू नका, पाण्याची बाटली उचलू नका. डोळे तिसऱ्या-चौथ्या ओळीवर ठेवा. मान खाली गेली की लोक हसायचं सोडून तुम्हाला जपायला लागतात.

आता हॉलबद्दल, कारण अर्धी चूक तिथं असू शकते. तीनशे खुर्च्यांच्या कार्यालयात ऐंशी माणसं विखरून बसली तर कुठलाच विनोद चालणार नाही. हसू शेजारच्याकडून लागतं. शंभरच खुर्च्या मांडायला सांगा, बाकीच्यांच्या थप्प्या लावून त्या नजरेआड ठेवा. पहिली ओळ मंचापासून दीड-दोन मीटरवर हवी. मधोमध वाट सोडू नका, दोन्ही बाजूंनी सोडा. नाहीतर तुमच्या अगदी समोर रिकामी जागा येते आणि तुम्ही तिच्याशी बोलत राहता. मंगल कार्यालयाची फरशी आणि उंच छत यांमुळं आवाज घुमतो, वाक्याचा शेवटचा शब्द विरून जातो, आणि पंचलाईन बहुधा त्या शेवटच्या शब्दातच असते. मागच्या भिंतीला मंडपवाल्याकडचे जाड पडदे दुहेरी लावा, रिकाम्या जागेत सतरंज्या टाका. लग्नातले चार मोठे स्पीकर नकोत, पुढं दोन पुरेत, आवाजही बेताचा. माईक तोंडापासून दोन-तीन बोटांवर धरा. प्रेक्षकांवरचे दिवे पूर्ण मालवा. हे आपल्या गावांत फार महत्त्वाचं आहे, कारण शेजारच्या खुर्चीवर गल्लीतलेच काका बसलेले असतात आणि दारूच्या गोष्टीवर आपण हसलो हे त्यांनी बघावं असं कुणालाच वाटत नाही. जून ते सप्टेंबर पत्र्याच्या छताचा हॉल घेऊच नका.

प्रश्न : माझ्या गंभीर वाक्यांना लोक कडकडून टाळ्या वाजवतात. हे चांगलंच ना? (एक कलाकार, निपाणी)

उत्तर : एखाद-दोनदा चांगलं. टाळी ठरवून वाजवली जाते, हसू ठरवून येत नाही. टाळी म्हणजे 'आम्हाला पटलं'. तासात पाच-सहा वेळा अशी टाळी पडत असेल तर तुम्ही आपली गोष्ट सोडून सगळ्यांना मान्य असलेली वाक्यं बोलत आहात. 'मानसिक आजाराबद्दल बोललं पाहिजे' यावर टाळी येणारच. त्या जागी तुम्ही गोळ्यांचं पाकीट घरच्यांपासून कुठल्या डब्यात लपवलं होतं ते सांगा. टाळी जाईल, ऐकणं वाढेल.

प्रश्न : कार्यक्रम मराठीत असतो, पण आमच्याकडं निम्मे प्रेक्षक घरी कन्नड बोलणारे. हशा दोन लाटांत येतो आणि दुसऱ्या लाटेत माझं पुढचं वाक्य बुडतं. (एक कलाकार, चिकोडी)

उत्तर : दुसरी लाट बहुतेक वेळा शेजाऱ्यानं कानात सांगितल्यावर येते. तिच्यासाठी जागा सोडा. पहिला हशा उतरायला लागला की लगेच नवी गोष्ट सुरू न करता एखादं छोटं, टाकाऊ वाक्य ठेवा, जे बुडालं तरी बिघडत नाही. पंचलाईन दोन्ही भाषांत लागोपाठ म्हणू नका. दुसऱ्यांदा ती अर्धीच उरते. त्यापेक्षा प्रसंगाची मांडणी करताना कन्नड शब्द मिसळा, म्हणजे ऐकणारा आधीच बरोबर आलेला असतो. पुण्या-मुंबईच्या वेगानं बोलू नका. घरातला संवाद ज्या भाषेत झाला असेल त्याच भाषेत राहू द्या. आजारी मुलाच्या खोलीच्या दाराशी उभी राहून आई 'ऊट आतेन?' एवढंच विचारत असेल तर ते तसंच म्हणा. जेवणाची ही चौकशी बेळगाव जिल्ह्यातल्या कुठल्याही मराठी माणसाला कळते. आणि स्वतःबद्दल बोलताना आपलं बेळगावी बोलणं सोडून प्रमाण मराठी धरू नका. लोकांना ते तत्काळ जाणवतं आणि बोलणं पाठ केलेलं वाटतं.

सीमाप्रश्नावरचा विनोद या कार्यक्रमात नको. तो वाईट असतो म्हणून नव्हे. तो आला की प्रेक्षक बाजू धरून बसतात आणि नंतर तुमच्या आजारपणाची गोष्टही त्याच बाजूंनी ऐकली जाते. १ नोव्हेंबरच्या आसपास, जेव्हा एकीकडं राज्योत्सव आणि एकीकडं काळा दिन असतो, बेळगावात असल्या कार्यक्रमाची तारीखच धरू नका.

प्रश्न : माझी ताई पुण्यात स्टँड-अप करते. आईच्या मानसिक आजारावर ती मंचावर बोलते. आता त्याचं चित्रीकरण बेळगावात ठरलंय. मामा-मावशी चिडलेत. आई म्हणते, "करू दे की." आम्ही काय करावं? (एक वाचक, अनगोळ)

उत्तर : मामा-मावशींना बाजूला ठेवा आणि आईच्या 'करू दे की'ची नीट चौकशी करा. लेकीसाठी आया असं म्हणतात. ताईंना सांगा की संहितेतला आईबद्दलचा सगळा भाग आईला घरी, एकटीला, सलग वाचून दाखवा. विनोदाच्या सुरात नको, साध्या आवाजात. प्रत्येक प्रसंगाला तीन पर्याय द्या : राहू दे, बदल, काढून टाक. दोन-चार दिवसांनी, आईचं मन शांत असताना, पुन्हा विचारा. मंचावर सांगण्याची संमती आणि चित्रीकरणाची संमती वेगवेगळी घ्या. पुण्यातल्या शंभर लोकांनी ऐकणं निराळं आणि अनगोळातल्या भाजीवालीनं फोनवर बघणं निराळं.

नाव बदललं की ओळख लपली, असं आपल्याकडं होत नाही. गल्ली, देऊळ, वडिलांची नोकरी यांपैकी दोन गोष्टी कळल्या की वडगावपासून कंग्राळीपर्यंत कुणीही घर ओळखतो. म्हणून दवाखान्याचं नाव, साल, गल्ली हे काढून टाका. दुसऱ्या रुग्णांचा उल्लेख तर मुळीच नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २४ हेच सांगतं की मानसिक आरोग्य केंद्रात उपचार घेणाऱ्या माणसाची माहिती किंवा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देऊ नये. एखाद्या नातेवाइकावर आरोप येत असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, म्हणजे बदनामी, ध्यानात ठेवा. 'पण ते खरं आहे' एवढा बचाव पुरत नाही. ते सांगण्यात लोकांचं हित असावं लागतं. मेलेल्या माणसाबद्दलचं बोलणंही त्यात येऊ शकतं. आणि लैंगिक अत्याचार झालेल्या दुसऱ्या कुणाची ओळख पटेल असं काही बोलणं हा कलम ७२ खाली गुन्हा आहे.

चित्रीकरणाच्या दिवशी आईला यायचं असेल तर येऊ द्या, पण पहिल्या ओळीत बसवू नका. कॅमेरावाल्यांना आधीच बजावून ठेवा की आईकडं कॅमेरा वळवायचा नाही. आई हसते का रडते हे शोधणारा कॅमेरा बघणाऱ्याचं सगळं लक्ष तिकडं ओढतो, आणि मग प्रेक्षक ताईंचं ऐकायचं सोडून आईच्या चेहऱ्यावर निवाडा करत बसतात.

प्रश्न : मित्राचा कार्यक्रम चित्रित केला. त्याचा आवाज ठीक आहे, पण हशा पत्र्यावरच्या पावसासारखा ऐकू येतो आणि शांततेत नुसते पंखे. (एक छायाचित्रकार, संकेश्वर)

उत्तर : कॅमेऱ्याचाच माईक वापरल्याचा हा परिणाम. तो हॉलच्या मागं असतो आणि प्रेक्षकांच्या पाठी ऐकतो. हशा तोंडासमोरून घ्यायचा असतो. मंचाच्या दोन्ही टोकांना दोन कंडेन्सर माईक स्टँडवर दोन-सव्वादोन मीटर उंच लावा, तोंड प्रेक्षकांकडं, पाठ स्पीकरकडं. त्यांना ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (माईकच्याच वायरीतून जाणारी वीज) लागतो, रेकॉर्डर तसा हवा. कलाकाराचा माईक साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट घ्या. तिन्ही आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. पातळी ठरवताना हशावर जाऊ नका, टाळी त्याहून जोरात येते. निवेदकाला सुरुवातीला एक मोठी टाळी घ्यायला सांगा आणि ती उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा.

संकलनात प्रेक्षकांचा ट्रॅक कलाकार बोलताना दहा-बारा डेसिबल खाली ठेवा आणि हसू फुटायच्या किंचित आधी वर आणा. हसू फुटल्यावर आणलात तर दार उघडल्यासारखं ऐकू येतं. बोलणं पोकळ वाटत असेल तर कारण अंतराचं आहे : आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे स्पीकरपासून दहा मीटरवरच्या माईकला तो सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. तेवढा तो ट्रॅक आधीच्या वेळेकडं सरकवून जुळवा. पंख्यांसाठी प्रेक्षकांच्या ट्रॅकवरचा १०० हर्ट्झखालचा आवाज कापा. त्याहून बरं म्हणजे संध्याकाळी सहापासून हॉल गार करून कार्यक्रमापुरते पंखे बंद ठेवणं. दिवे आणि साऊंड एकाच बोर्डावर असतील तर घूं असा आवाज येतो, अर्थिंग नसेल तर हमखास. जनरेटर लागणार असेल तर तो इमारतीच्या दुसऱ्या अंगाला उभा करा. लोक बसल्यावर, कुणी बोलायच्या आधी, हॉलचा मिनिटभर नुसता आवाज मुद्रित करून ठेवा. काटछाट केलेल्या जागा भरायला तोच लागतो.

बाहेरचा तयार हशा मात्र भरू नका. १९५० च्या दशकात चार्ली डग्लस यांनी यंत्रात साठवलेला हशा अमेरिकी टीव्ही मालिकांना पुरवला, तिथं तो खपला. इथं माणूस आपल्या आयुष्यातलं सर्वांत वाईट वर्ष सांगतोय. एका जागी खोटा हशा ओळखू आला की बघणारा त्याच्या वर्षावरही शंका घेतो.

प्रश्न : सगळे वाखाणतात तो स्पेशल मी रात्री फोनवर एकट्यानं बघितला. एकदाही हसू आलं नाही. माझ्यात काही कमी आहे का? (एक विद्यार्थिनी, अथणी)

उत्तर : अजिबात नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी अभ्यासकाच्या पाहणीत माणसं एकटी असताना जेवढी हसतात त्याच्या सुमारे तीसपट चारचौघांत हसताना आढळली. स्वतःचं दुःख उघड सांगायच्या कार्यक्रमात हा फरक आणखी जाणवतो, कारण हसावं की नाही हे आपण शेजारच्याकडं बघून ठरवतो. दोन मैत्रिणींबरोबर, मोठ्या पडद्यावर, सलग बघा. तरी हसू आलं नाही तर तो कार्यक्रम तुमच्यासाठी नाही, एवढंच.

प्रश्न : हे लोक सांगतात ते खरोखर घडलेलं असतं का? फसवलं गेल्यासारखं वाटतं कधी कधी. (एक निवृत्त शिक्षक, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : क्रम बदललेला असतो, दोन माणसांचा एक माणूस केलेला असतो, संवाद घोटलेले असतात. त्याशिवाय तासाभरात काही मावत नाही, आणि त्याला फसवणूक म्हणू नये. हद्द ओलांडली जाते ती प्रेक्षकांची माया ज्या घटनेवर जडते तीच घटना रचलेली निघते तेव्हा. अमेरिकेतले विनोदकार हसन मिन्हाज यांच्या काही प्रसंगांबद्दल २०२३ मध्ये 'द न्यू यॉर्कर' या साप्ताहिकानं असे प्रश्न उभे केले. तपशील रचल्याचं त्यांनी मान्य केलं, त्यामागची भावना खरी होती असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्या लेखाच्या मांडणीवर त्यांनी आक्षेपही घेतला. आमच्या मते रिक्षावाल्याचा संवाद रचलेला चालतो, आजार रचलेला चालत नाही. बघताना एक खूण ठेवा : खरा सांगणारा स्वतःला वाईट दिसेल असे तपशीलही ठेवतो.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात शेवटी प्रश्नोत्तरं ठेवली होती. एक ताई उठल्या, स्वतःच्या नवऱ्याबद्दल बोलू लागल्या आणि रडू लागल्या. आम्हाला काय करावं सुचेना. (एक संयोजक, हिंडलगा)

उत्तर : असं होणारच, हे धरून तयारी करावी. कुणी आपलं उघड करून सांगितलं की ऐकणाऱ्याला आपलंही सांगावंसं वाटतं. अमेरिकी विनोदकार जेरॉड कारमायकल यांचा 'रोथॅनियल' हा स्पेशल २०२२ मध्ये आला. न्यूयॉर्कच्या ब्लू नोट या छोट्या जॅझ क्लबात ते खुर्चीवर बसून आपण समलिंगी असल्याचं सांगतात, आणि प्रेक्षक अंधारातून त्यांना प्रश्न विचारतात, धीर देतात. तिथं ते साधलं, कारण जागा लहान होती आणि सगळी रचना त्यासाठीच होती. बेळगावच्या मराठा मंदिरासारख्या मोठ्या जागेत फिरता माईक दुखावलेल्या माणसाच्या हातात देणं धोक्याचं आहे. त्या माणसाला दुसऱ्या दिवशी याच गावात भाजी आणायला जायचं असतं.

खुली प्रश्नोत्तरं बंद करा. चिठ्ठ्या घ्या, नाव न लिहिता. संयोजकांपैकी एकानं त्या आधी वाचून निवडाव्यात. कुणी तरीही उठून बोलू लागलं तर माईक हिसकावू नका आणि टाळ्याही सुरू करू नका. टाळ्यांनी ते जास्त बोलत जातात. निवेदकानं "ताई, आपण बाहेर बसून बोलू या" म्हणत त्यांच्याजवळ चालत जावं. बाहेर एक खोली किंवा निदान आडोशाच्या दोन खुर्च्या, पाणी आणि एक स्त्री व एक पुरुष असे दोन जाणते कार्यकर्ते आधीच नेमलेले असावेत. त्यांचं काम ऐकणं आणि पुढचा पत्ता देणं. 'सगळं ठीक होईल', 'नवऱ्याला समजावतो' असलं काही बोलायचं नाही. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाईन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठी आणि कन्नड दोन्हींत चालते. धारवाडच्या डिम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत मानसोपचाराची सोय आहे. दोन्ही पत्ते दोन्ही भाषांत छापून फलक लावा, पण मुख्य दारावर नको. तिथं सगळ्यांसमोर थांबून क्रमांक कुणी उतरून घेत नाही. हात धुण्याच्या जागेजवळ लावा.

कलाकारालाही वेळ द्या. कार्यक्रम संपल्या संपल्या सेल्फीची रांग लावू नका. पंधरा मिनिटं त्यांना आत बसू द्या, जेवलेत का विचारा. उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावाच लागतो, पण नऊच्या आत आटपलेलं बरं, म्हणजे ज्यांना कुणाशी तरी बोलायचंय त्यांना वेळ मिळतो आणि खेड्यापाड्यांतल्या बायकांना घरी जायला वाहनही मिळतं.